पंचाच्या शोधात : लिट्लटन ते वेलिंग्टन

सोलापूरच्या कामगार न्यायालयात मी तीस वर्षे कामगारांची बाजू मांडली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनला गेलो असताना, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्धपुतळ्यासमोर उभे राहणे हे माझ्यासाठी देवदर्शनाहून कमी नव्हते. बाबासाहेबांनी १९१६ साली या संस्थेत प्रवेश घेतला तेव्हा तिचे संचालक कोण होते, एवढा साधा प्रश्न त्या दिवशी मनात आला आणि विल्यम पेंबर रीव्हज हे नाव समोर आले. न्यूझीलंडचे पहिले कामगारमंत्री, १८९४ च्या औद्योगिक समेट व लवाद कायद्याचे कर्ते, आणि तरुणपणी कँटरबरी प्रांताच्या संघातून क्रिकेट खेळलेले गृहस्थ! ज्या लवादाच्या अंगणात माझे आयुष्य गेले, त्या अंगणात पहिली कुदळ मारणारा माणूस कुठल्या मातीतला होता, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे तेव्हापासून मनाने घेतले. माझी भाची ख्राइस्टचर्चला रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, “मामा, फेब्रुवारीत ये, तेव्हा इथे छान ऊन असतं.”

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर उतरलो तेव्हा पिशवीत भाचीसाठी नेलेली सोलापुरी शेंगा चटणी होती. हा देश आपल्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून फार दक्ष असतो, म्हणून अर्जात खाद्यपदार्थांपुढे प्रामाणिकपणे खूण केली होती. तपासणी करणाऱ्या बाईंनी पुडा उघडला, लाल तिखटाचा वास घेतला, शेंगदाणे भाजलेले आहेत ना एवढे विचारले आणि पुडा नीट दुमडून परत दिला. माझा त्या देशातला प्रवेश इतक्या सहजपणे झाला. ही गोष्ट मला पाचव्या दिवशी फार तीव्रतेने आठवणार होती.

पहिला दिवस : लिट्लटन

रीव्हज यांचा जन्म १० फेब्रुवारी १८५७ रोजी लिट्लटन बंदरात झाला, म्हणून मी मुद्दाम त्याच तारखेला तिथून सुरुवात केली. आई-वडिलांना इंग्लंडहून येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. म्हणजे त्या माउलीने दिवस भरत आलेले असताना समुद्रावरचे हेलकावे सोसले होते. लिट्लटन हे विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतले बंदर आहे. समोर निळसर हिरवे पाणी, पाठीशी छातीवर आल्यासारखा डोंगर, आणि त्या डोंगरापलीकडे ख्राइस्टचर्चचे सपाट माळरान. आता डोंगराच्या पोटातून रस्त्याचा बोगदा आहे. रेल्वेचा बोगदा त्याच्याही कितीतरी आधी, १८६७ साली सुरू झाला. त्यापूर्वी वसाहतीला आलेली माणसे ब्रायडल पाथ नावाच्या पायवाटेने डोंगर चढून पलीकडे जात. त्या वाटेचा काही भाग आम्ही दोघे चाललो. आपल्याकडे जिला घाटवाट म्हणतात तशीच ती आहे, फक्त झाड म्हणून औषधाला नाही. वाऱ्यात वाळके गवत सळसळत होते. खिंडीत पोहोचल्यावर मागे बंदर आणि पुढे मैदान असे दोन्ही एकदम दिसते, तेव्हा चढून आलेल्या माणसांना काय वाटले असेल, हे मला सांगावे लागले नाही.

खाली उतरून आम्ही टाइमबॉलचा मनोरा पाहिला. १८७६ पासून रोज ठरल्या वेळी त्याच्या दांड्यावरचा मोठा गोळा खाली सोडत आणि बंदरातली जहाजे आपली घड्याळे त्यावर लावून घेत. २०११ च्या भूकंपांत मनोरा कोसळला, तो २०१८ मध्ये लोकांनी पुन्हा उभा केला. धक्क्यावर क्रेन चालू होत्या आणि लाकडाचे ओंडके रचून ठेवलेले होते. मी मात्र तिथे १८९० चा ऑगस्ट शोधत होतो. त्या महिन्यात ऑस्ट्रेलियात पेटलेला खलाशी व गोदी कामगारांचा संप या किनाऱ्यावरही पोहोचला आणि नोव्हेंबरपर्यंत पुरता मोडला. रीव्हज त्या वेळी लिट्लटन टाइम्सचे संपादक होते. हे पत्र १८५१ पासून निघत होते आणि त्यांचे वडील त्याच्या मालकांपैकी एक होते. संप मोडतो म्हणजे काय होते, हे मी गिरणीच्या दारात उभे राहून पाहिले आहे. फाटकावरची गर्दी रोज थोडी विरळ होत जाते, किराणा दुकानदार उधारीची वही बंद करतो, आणि एक दिवस माणसे मान खाली घालून, एकमेकांकडे न पाहता आत शिरतात. मालक ऐकत नाही आणि कामगार टिकत नाही, अशा वेळी दोघांच्या मध्ये कोणीतरी उभे राहिले पाहिजे, हा विचार रीव्हज यांच्या मनात पक्का झाला तो त्या संपाच्या अनुभवातून.

दुसरा दिवस : ख्राइस्टचर्च

सकाळी हॅगली पार्कमध्ये गेलो. १६५ हेक्टरांची ही मोकळी जागा १८५५ पासून लोकांसाठी राखून ठेवलेली आहे. ओक वृक्षांच्या कडेने हॅगली ओव्हलचे मैदान आहे. त्याला काँक्रीटच्या गॅलऱ्यांचे कडे नाही, गवताचे उतार आहेत आणि सकाळी त्यावर दवाचे ओले पट्टे दिसत होते. माळी रोलर फिरवत होता. मी कडेला वाकून गवतावर हात ठेवला, तर ते आपल्याकडच्या गालिच्यासारख्या हिरवळीपेक्षा बारीक आणि दाट लागले.

इथल्या क्रिकेटची जुनी कागदपत्रे वाचताना एक गंमतशीर आणि महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. न्यूझीलंडमधला पहिला प्रथम श्रेणीचा सामना जानेवारी १८६४ मध्ये ड्युनेडिनला ओटॅगो आणि कँटरबरी या दोन प्रांतांत झाला. ओटॅगोने ७८ आणि ७४ धावा केल्या, कँटरबरीने ३४ आणि ४२, आणि ओटॅगो ७६ धावांनी जिंकला. चार डावांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास धावा! त्यावरून त्या खेळपट्ट्या कशा असतील याची कल्पना यावी. त्याच उन्हाळ्यात जॉर्ज पार यांचा इंग्लिश संघ आला, तेव्हा त्यांच्या अकरा जणांविरुद्ध प्रांतांनी बावीस-बावीस जण उतरवले. रीव्हज तेव्हा सात वर्षांचे होते. शिक्षण जवळच्याच ख्राइस्ट्स कॉलेजात झाले. कायदा शिकण्यासाठी ते इंग्लंडला गेले, पण प्रकृती ढासळल्यामुळे परतावे लागले, आणि काही काळ त्यांनी मेंढ्यांच्या कुरणावर उमेदवारी केली. मग वकिली, मग पत्रकारिता, आणि या सगळ्याबरोबर कँटरबरीकडून क्रिकेट आणि रग्बी. मोठ्या विक्रमांचे ते खेळाडू नव्हते. पण प्रांताची टोपी मिळणे म्हणजे त्या काळी गावागावांत नाव माहीत होणे होते.

ज्या प्रांतासाठी ते खेळले, तो प्रांत मात्र तेव्हा कारभाराच्या दृष्टीने उरलाच नव्हता. न्यूझीलंडने १८७६ मध्ये प्रांतिक सरकारे रद्द केली. ड्युरॅम स्ट्रीटवर बेंजामिन माउंटफर्ट यांनी उभारलेल्या कँटरबरी प्रांतिक मंडळाच्या इमारती मी दुपारी पाहिल्या. त्यांतले दगडी सभागृह २०११ च्या भूकंपात कोसळले आहे. सरकार गेले, सभागृहही ढासळले, आणि प्रांत राहिला तो क्रिकेटच्या धावफलकावर. आपल्याकडे महाराष्ट्र एकच राज्य असूनही रणजी स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात आणि संस्थान जाऊन इतकी वर्षे झाली तरी बडोदा बडोदाच राहतो. त्यामुळे हे मला परके वाटले नाही. माणसांना आपल्या मुलखाची ओढ असते आणि तिला राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज लागत नाही.

संध्याकाळी लँकेस्टर पार्क. हे मैदान १८८१ मध्ये, रीव्हज यांच्या खेळाच्याच दिवसांत सुरू झाले आणि पुढे कसोटी सामन्यांसाठी जगात ओळखले गेले. १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या ग्रॅहम डाउलिंग यांनी भारतीय संघाविरुद्ध २३९ धावा काढल्या त्या इथेच. भूकंपानंतर इथला स्टेडियम पाडून टाकावा लागला. आता तिथे आजूबाजूच्या मुलांसाठी खेळाची मैदाने आहेत आणि महायुद्धातल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ बांधलेले प्रवेशद्वार तेवढे जपून ठेवले आहे. कमानीखाली थांबलो तेव्हा भाचीने विचारले, “मामा, खेळाडू माणूस कामगारांच्या कायद्याकडे कसा वळला?” मी तिला म्हटले की मराठीत याचे उत्तर एका शब्दात आहे. मैदानावर बाद की नाबाद हे सांगणारा तो पंच, आणि बांधाच्या भांडणात दोघांचे ऐकून निवाडा देणारा तोही पंच. रीव्हज यांनी नेमके हेच मांडले की मजुरीच्या भांडणातही बलवान बाजूला स्वतःचा निर्णय स्वतः देता येऊ नये.

तिसरा दिवस : ब्लॅकबॉल

भाचीला सुट्टी होती, म्हणून तिच्या गाडीने आर्थर्स पास ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर गेलो. पूर्वेकडचे पिवळे डोंगर खिंड ओलांडताच एकदम गर्द हिरवे होतात, आणि नेचे व बीच वृक्षांचे ओले रान रस्त्यावर झुकते. वसाहतवाल्यांनी अशी किती रानेच्या राने जाळून कुरणे केली, याचे दुःख रीव्हज यांनी एका कवितेत मांडलेले आहे. स्वतः कुरणावर राबलेल्या माणसाला ते जाणवावे, याचे मला अप्रूप वाटले.

ग्रे नदीच्या काठाने ब्लॅकबॉलला पोहोचलो. दोन-चार रस्त्यांचे, पत्र्याच्या छपरांचे हे खाणकामगारांचे गाव. इथे येण्याचे कारण समजण्यासाठी आधी तो कायदा समजून घेतला पाहिजे. ३१ ऑगस्ट १८९४ रोजी मंजूर झालेल्या त्या कायद्याच्या शीर्षकातच औद्योगिक संघटना स्थापन होण्यास उत्तेजन देणे हा हेतू लिहिलेला होता. नोंदणी झालेल्या युनियनने तंटा आधी जिल्ह्याच्या समेट मंडळापुढे न्यायचा. तिथे मिटला नाही तर तो लवाद न्यायालयापुढे जाई. त्यावर वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष असत, एक सभासद मालकांच्या संघटनांनी सुचवलेला आणि एक कामगारांच्या. त्यांचा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक, आणि तंटा त्यांच्यापुढे असताना संप किंवा टाळेबंदी करायची नाही. मालकाने युनियनला बोलण्याच्या लायकीचे न मानण्याचे दिवस त्यामुळे संपले, कारण युनियन एकदा नोंदली की मालकाला न्यायालयापुढे यावेच लागे. जवळपास बारा वर्षे तो देश संपाविना चालला आणि जगभरचे अभ्यासक ते पाहायला आले. लंडनच्या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे सिडनी वेब आणि त्यांच्या पत्नी बिअ‍ॅट्रिस हेही १८९८ मध्ये येऊन गेले.

मग १९०८ साली याच ब्लॅकबॉलच्या खाणीत भांडण पेटले ते जेवणाच्या सुट्टीवरून. खाणीत जेवायला पंधरा मिनिटे मिळत आणि कामगारांना अर्धा तास हवा होता. प्रकरण लवाद न्यायालयात गेले तेव्हा न्यायाधीशांनी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत असे मत दिले आणि स्वतः जेवणासाठी दीड तास न्यायालय तहकूब केले. ही हकिकत इथे अजून सांगितली जाते, आणि गावच्या छोट्या संग्रहालयात उभे असताना ती आठवून माझे हात थरथरले. गिरणीतल्या बायका रिसेसमध्ये भाकरी हातावर घेऊन, उभ्याने, पाण्याच्या घोटाबरोबर गिळताना मी पाहिल्या आहेत. कामगार तीन महिने संपावर राहिले, युनियनला ७५ पौंडांचा दंड झाला, आणि शेवटी त्यांनी अर्धा तास मिळवलाच. लवादाने नाकारलेले संपाने मिळाले, ही बातमी देशभर गेली आणि त्या कायद्यावरचा कामगारांचा विश्वास तिथून ओसरू लागला.

रीव्हज त्या वेळी लंडनमध्ये होते. मला त्यांच्या कायद्याचे मोठेपण कमी लेखायचे नाही. पण पंच नेमून काम संपत नाही. पंचाला खाणीतल्या काळोखाची आणि कोळशाने भरलेल्या हातांची जाणीव असावी लागते. ती कलमे लिहून येत नाही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई सरकारच्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला, त्याच्या अग्रभागी बाबासाहेब होते. कारण त्या विधेयकात संपाच्या हक्कावर बंधने घातलेली होती आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क अशी त्यांची भूमिका होती. रीव्हज संचालक असताना ज्यांनी त्या संस्थेत अर्थशास्त्राचे धडे घेतले, त्यांनी रीव्हज यांच्या कायद्यातली उणी बाजू अचूक ओळखली होती, असे मला ब्लॅकबॉलच्या त्या ओल्या संध्याकाळी वाटले.

चौथा दिवस : रेल्वे आणि समुद्र

पहाटे ख्राइस्टचर्चहून पिक्टनची रेल्वे धरली. कायकोरापाशी रूळ अगदी लाटांच्या शेजारून जातात आणि खडकांवर सील पहुडलेले दिसतात. दुपारी पिक्टनहून बोटीने कुकची सामुद्रधुनी ओलांडली. रीव्हज यांना अधिवेशनासाठी लिट्लटनहून बोटीनेच वेलिंग्टन गाठावे लागे. १८८७ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले आणि १८९१ मध्ये चौतिसाव्या वर्षी मंत्री झाले. डेकवर वारा इतका होता की वही उघडता आली नाही.

पाचवा दिवस : वेलिंग्टन

सकाळी जुनी सरकारी इमारत पाहिली. १८७६ ची ही प्रचंड वास्तू दिसते दगडाची, पण आहे पूर्ण लाकडाची. कोपऱ्यांवरचे चिरेसुद्धा लाकूड कोरून केलेले आहेत, आणि जवळ जाऊन बोटाने टकटक केले की मगच डोळ्यांची चूक कळते. मंत्रिमंडळाच्या बैठका त्या काळी इथेच होत. कारखान्यांचे तास, दुकानांतल्या नोकरांची सुट्टी, मजुरी मालाऐवजी रोख पैशात देण्याची सक्ती, असे एकामागून एक कायदे रीव्हज यांनी अवघ्या चार-पाच वर्षांत पुढे नेले. त्यांचे सचिव एडवर्ड ट्रेगिअर यांनी कामगार खाते उभे केले. हे सगळे करणारा माणूस तेव्हा चाळिशीलाही पोहोचला नव्हता.

तिथून राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. मंद प्रकाशाच्या दालनात १८९३ चा स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज जपून ठेवला आहे. त्या वर्षी देशभरातून सुमारे ३२ हजार सह्या जमल्या. त्या चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड यांनी सह्यांचे कागद एकाखाली एक चिकटवून केलेली गुंडाळी २७० मीटरांहून लांब झाली. शाई फिकट तपकिरी झाली आहे. काही सह्या वळणदार आहेत, काही अक्षरे नुकतीच गिरवायला शिकलेल्या हाताची आहेत. १९ सप्टेंबर १८९३ रोजी तो कायदा झाला. रीव्हज यांच्या पत्नी मॉड याच चळवळीतून घडल्या आणि पुढे लंडनच्या लँबेथमधल्या गरीब कुटुंबांच्या आठवड्याच्या खर्चाचा बारीक हिशेब त्यांनी मांडला.

त्याच दिवशी मी रीव्हज यांच्या १८९४ च्या आणखी एका विधेयकाची पाने वाचली. ‘नको असलेल्या’ लोकांना देशात येण्यास बंदी करण्याचे ते विधेयक होते, आणि त्या नको असलेल्यांत कंगाल माणसे आणि आशियाई माणसे एकत्र बसवलेली होती. ते मंजूर झाले नाही. लोकांनी त्यावरून रीव्हज यांनाच ‘नको असलेले’ म्हणून चिडवले. पण त्यांनी ते मनापासून लिहिले होते आणि मला ते मनापासून वाचायचे होते. स्वस्त मजूर आले की इथल्या कामगाराची मजुरी घसरेल, हा त्यामागचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, कारण सोलापुरात परगावच्या मजुरांविषयी तोच युक्तिवाद मी माझ्याच अशिलांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो खोडून काढताना मला प्रत्येक वेळी जड गेले आहे. पान मिटताना विमानतळावर परत मिळालेला चटणीचा पुडा आठवला, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपलेली, इथल्या परिचारिकांच्या युनियनची सभासद असलेली भाची आठवली. ज्यांच्या कायद्यासाठी मी इतका लांब आलो, त्यांनी मला दारातच अडवले असते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एक खोडून दुसरी ठेवणे मला जमणार नाही.

सहकाऱ्यांशी सूर न जुळल्याने १८९६ मध्ये ते न्यूझीलंडचे प्रतिनिधी म्हणून लंडनला गेले ते तिथेच राहिले. १९०५ मध्ये उच्चायुक्त, १९०८ ते १९१९ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक. एकुलता मुलगा १९१७ मध्ये महायुद्धात मारला गेला. १९३२ मध्ये लंडनलाच त्यांचा अंत झाला.

उन्हे कलल्यावर बेसिन रिझर्व्हवर गेलो. सामना नव्हता, त्यामुळे लोक मैदानातून सहज ये-जा करत होते. अजित वाडेकरांनी १९६८ मध्ये कसोटीतले आपले एकमेव शतक, १४३ धावांचे, इथेच केले होते. गवताच्या उतारावर बसून मी भाचीने दिलेली चपाती आणि चटणी काढली. समोर आठ-दहा मुले प्लास्टिकच्या यष्ट्या लावून खेळत होती. त्यांत गोरी होती, माओरी होती, एक पगडीवाला होता आणि एक मुलगी होती. एकदम धावचीतवरून भांडण लागले. दोन्ही बाजू ओरडल्या, कोणीच ऐकेना. मग त्यांतला थोरला मुलगा माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला की तुम्ही पाहत होतात, तुम्हीच सांगा. बाकीची मुले गप्प होऊन माझ्याकडे बघू लागली. मी हात पुसले आणि उभा राहिलो. बॅट रेषेपासून वीतभर दूर होती, हे मी नीट पाहिले होते. मी बोट वर केले.